हललेलं चित्र

तारीख ४, मंगळवार
जेवणं उरकल्यावर

ठके,

डोक्यावरून हात फिरवला असं समज. इथे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत. तुझ्या मामाचे गुडघे कुरकुरतात आणि मामी गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरते. मला नवीन इस्त्री आणून दिली आहे, वजनाला पिसासारखी. पिसाने कधी सुरकुती जाते का? ती खोक्यात घालून जुनीच पुन्हा काढली. तू खुशाल असशील असं लिहायची रीत आहे, पण ते खोटं होईल म्हणून लिहीत नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मागे तुझी बोटं टकटक वाजत असतात. पत्र वाचताना निदान डोळे तरी माझ्याकडे राहतील.

काल मी दुकानात इस्त्री करत होते, तर मामा आला. म्हणाला, "आई, जरा बस. एक सांगायचंय." मी म्हटलं, "उभ्याने लोकांचे कपडे करते, उभ्याने तुझंही ऐकेन. बोल." तेव्हा कळलं की तू लिफ्टवाल्याला नाही म्हणालीस.

मी काही त्या मुलावरून जीव ओवाळून टाकत नाही. लिफ्टा दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर वरखाली करून संध्याकाळी होता तिथेच. पण इथे आला होता तेव्हा माझ्या इस्त्रीची सोललेली वायर त्याने कुणाला न सांगता नीट करून दिली, आणि मामी चहा देताना तोंड वाकडं करत होती ते न दिसल्यासारखं केलं. अशी माणसं रस्त्यावर पडलेली नसतात. तरी नाही म्हणायचं तर म्हण. तोंड तुझं, जन्म तुझा. पण कारण दिलंस ते काही माझ्या घशाखाली उतरत नाही.

मामाने कारण असं सांगितलं. तुला तुझ्या गेलेल्या आईचा आवाज ऐकू येतो. तू स्वतःच्या डोक्याचं चित्र काढून घेतलंस, त्यातल्या रेषा मोजल्यास आणि त्या कमी भरल्या. म्हणून लग्न नको, मूल नको, हे तुटकं डोकं पुढच्या पोराच्या गळ्यात घालायला नको. आणि वर म्हणालीस, "आजीचं बघ. आजीला काही ऐकू येत नाही, तिच्या रेषा भरपूर आहेत."

हे शेवटचं ऐकलं आणि हातातल्या शर्टाची कॉलर करपली. गिऱ्हाइकाचा होता. असो.

मला तुझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही. तेव्हा माझं काही सांगत नाही, तुझंच तुला सांगते.

उन्हाळ्यात मी तुझ्याकडे आले ती तू बोलावलंस म्हणून. तुमच्या मोठ्या डॉक्टरांना डोकी हवी होती. एका ढिगात ज्यांना जवळ कुणी नसताना आवाज ऐकू येतात ती, दुसऱ्या ढिगात ज्यांना येत नाहीत ती. कानाकडून निघून कपाळाकडे वळणारी एक वाट असते म्हणे, तिला तुम्ही कमान म्हणता. तिच्यातल्या रेषा दोन्ही ढिगांत मोजायच्या आणि कोणाकडे कमी, कोणाकडे जास्त ते पाहायचं. न ऐकणाऱ्यांत म्हातारी डोकी कमी पडत होती. तू म्हणालीस, "आजी, तुझं डोकं दे." मी म्हटलं, "परत मिळणार असेल तर घे."

मग ती प्रश्न विचारणारी पोरगी. एकेका कानाला इतकी भोकं पाडलेली की मला वाटलं हिलाच नीट ऐकू येत नसेल. तिने विचारलं, "आजी, जवळ कुणी नसताना आवाज ऐकू येतात का? गेलेल्या माणसांचे वगैरे?" मी म्हटलं, "बाई, मी जिवंत माणसांचं ऐकत नाही, मेलेल्यांचं कुठे ऐकत बसू!" ती खो खो हसली. दारात तू उभी होतीस, तूही हसलीस. आणि मला न ऐकणाऱ्यांच्या ढिगात घातलं.

त्यानंतर ती नळी. डोक्याला पिंजरा, कानात बोळे, आणि चारी बाजूंनी कुणी पत्र्यावर हातोडे मारतंय असा आवाज. मशीनवाला काचेपलीकडून सांगत होता, "आजी, डोकं अजिबात हलवायचं नाही." मी हलले. तो म्हणाला, "आजी, हललात." मी पुन्हा हलले. शेवटी त्याने ते सगळं पहिल्यापासून परत केलं, तेव्हा कुठे जमलं. नाकावर माशी बसली होती, दुसरं काय.

संध्याकाळी तू मला पडद्यावर माझं डोकं दाखवलंस. लाल, निळ्या, हिरव्या रेषांचा गुंता. मी विचारलं, "ही कुणाची गुंतवळ?" तू हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होतीस. मग मला समजावं म्हणून माझ्याच धंद्यातलं उदाहरण काढलंस. आठवतं का? म्हणालीस, "आजी, तू कपड्यावर पाणी शिंपडतेस तेव्हा थेंब विणीच्या अंगाने पसरतो, आडवा कमी पसरतो. डोक्यातही पाणीच असतं. ते कोणत्या अंगाने सरकतं एवढंच यंत्राला दिसतं. त्यावरून विणकर कसा गेला असेल याचा कॉम्प्युटर अंदाज करतो आणि रेषा ओढत जातो. फार मोठं वळण आलं की थांबतो. धुरकट दिसलं की थांबतो. कुठून किती रेषा सोडायच्या हे आम्हीच त्याला सांगतो."

मी विचारलं, "म्हणजे हे धागे नव्हेत?"

तू म्हणालीस, "छे गं. तू पँटीला घडी पाडतेस ना, तसं. घड्या मोजून कापडात धागे किती ते कळतं का?"

हे तुझे शब्द आहेत, ठके. मी माझ्या मनाने एकही घातलेला नाही. आणि आता तीच तू घड्या मोजून कापड फाटलं म्हणत बसली आहेस. दुसऱ्याच्या डोक्याची गोष्ट असली की शहाणपण आणि स्वतःच्या डोक्यावर आलं की झोप?

माझं एक ऐक. माझी दोन चित्रं निघाली होती, एक हललेलं आणि एक न हललेलं. न हललेलं तुम्ही ठेवलंत. हललेलं टाकून दिलं नसेल तर उघड, त्यातल्याही रेषा मोज आणि किती भरतात ते मला कळव.

तुला जे ऐकू येतं त्याचं नंतर बोलू. आता गिऱ्हाईक आलंय, कॉलरवाला.

तुझी
आजी


तारीख १९, बुधवार
दुपार

ठके,

पत्र पोचलं. तुझं अक्षर पहिल्यापासून मुंगी शाईत पडून चालल्यासारखं, आता मुंगीही दमलेली दिसते. जेवत जा. मामीची दाढ काढली. दोन दिवस घरात इतकी शांतता होती की मामा घाबरून डॉक्टरांना विचारून आला.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. पहिल्या चित्रात माझी कमान रोडावलेली निघाली, तुमच्या ऐकणाऱ्यांची जशी निघते अगदी तशी. दुसऱ्या चित्रात भरलेली. डोकं एकच, दुपार एकच, मधे मी फक्त एक घोट पाणी प्यायले. आणि खाली लिहिलंस, "पण आजी, एका डोक्यावरून काही ठरत नाही." नाही ठरत तर नाही ठरत. मी कुठे म्हटलं ठरतं? मोठ्या डॉक्टरांनी मात्र सभेत वाचायच्या भाषणाला नाव देऊन ठेवलंय, "तुटलेली कमान". त्यांचं बरं ठरलं!

आणि तू विचारलंस की हललीस का. "त्या खोलीत माशी शिरू शकत नाही, आजी. खरं सांग."

मला वाटलं होतं माशी खपेल. आजवर खपली.

तुझी आई मला हाक मारते. झालं, लिहिलं.

ती तापाने गेली तेव्हा तू टेबलाखाली बसून गुंड्या ओवायचीस, इतकी होतीस. ती गेली, माणसं आली, बसली, उठून गेली. मग एका सकाळी मी कुणाच्या तरी चादरी करत होते, आणि डाव्या अंगाने, जरा मागून, "ए आई, इकडे बघ ना." लहानपणी ती अशीच करायची. बघितलं की दाखवायला काही नसायचं. नुसतं मी बघावं एवढंच. मी तेव्हा चिडायचे, चादर करपेल म्हणून.

मी वळले. भिंत होती आणि खुंटीवर हँगर. मी म्हटलं, "काय गं?" आणि पुढची चादर घेतली.

तेव्हापासून ते चालूच. रोज नाही. कधी पोरीचा आवाज, कधी पोटुशीचा, म्हणजे तू पोटात होतीस तेव्हा तिचा घसा बसला होता तसला. मला भीती वाटत नाही, रडूही येत नाही. मी वळते, काय गं म्हणते आणि कामाला लागते. जवळ कुणी असलं तर मान अवघडल्याचं सोंग करते. समोरच्या शिंपिणीला माझ्या मानेची इतकी काळजी, की दर वेळी भेटली की तेलाचं नाव सांगते. एकदा तर बाटलीच आणून दिली. मी ती दाराच्या बिजागरीला घातली, दार छान चालतं.

तुला का नाही सांगितलं? कुणालाच नाही सांगितलं. सांगितलं की कुणी औषध घेऊन येतं, कुणी देव घेऊन येतं. दोघंही येतात ते ती जावी म्हणून. मला ती जायला नको होती. यात जास्त समजून घेण्यासारखं काही नाही.

आणि त्या भोकवालीशी मी खोटं बोलले नाही. मी ऐकत नाही म्हटलं, ऐकू येत नाही असं म्हटलं नव्हतं. तिने हसत हसत एकाचं दुसरं केलं आणि मी करू दिलं. एवढी शाळा शिकलेल्या दोन पोरी हसत होत्या, मी कशाला मोडता घालू?

तर नळीत असं झालं. हातोडे चालू होते, मी डोळे मिटून पडले होते. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, मशीनवाल्याचंसुद्धा नाही. आणि त्या सगळ्या दणदणाटात अगदी हळू, कानाशी, "ए आई, इकडे बघ ना." मी वळले. पिंजऱ्यात मान कितीशी वळणार, पण वळले. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा वळले. ठरवून नाही गं. झोपेत पोराने हात टाकला तर आपण कूस बदलतो ना, तसं.

तेव्हा आता मला उचल आणि ऐकणाऱ्यांच्या ढिगात टाक. त्या ढिगात मी भरल्या कमानीची निघेन, त्याला माझा इलाज नाही. आजीला ऐकू येत नाही म्हणून तिची कमान शाबूत, असं तू स्वतःला सांगत होतीस ना? ती भिंत पडली. दुसरं कारण शोध, नाहीतर लिफ्टवाल्याला फोन कर.

एकच विचारायचं होतं. तुझ्या त्या ढिगात जी बाकीची आहेत, कुणाची आई गेलेली, कुणाचा नवरा, कुणाचं काय, ती नळीत स्वस्थ पडली होती का? मला ठाऊक नाही म्हणून विचारते. तुमचं यंत्र कोण किती हललं ते लिहून ठेवतं असं तूच त्या दिवशी म्हणालीस. आणि तू स्वतः आत गेलीस तेव्हा?

दुसऱ्या वेळी मी हलले नाही, ते कसं, ते राहू दे.

तुला ती काय म्हणते, ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

आजी


तारीख ८, सोमवार
सकाळ, इस्त्री तापेपर्यंत

ठके,

तुझं जाडजूड पाकीट शनिवारी आलं. मामीला वाटलं लग्नाची पत्रिका. तिने फोडायच्या आत मी काढून घेतलं. दाढ काढल्यापासून तिची नजर फार तीक्ष्ण झाली आहे.

आधी डॉक्टरांचं. तू त्यांच्यासमोर उभी राहून बोललीस हे वाचून बरं वाटलं. ऐकणारे नळीत जास्त हलले होते, आणि जे जितके हलले तितक्या त्यांच्या रेषा कमी. दोन्ही ढिगांतली सारखी स्वस्थ पडलेली माणसं निवडून मोजली तर फरक इतका बारीक उरला, की आहे म्हणायलाही जीभ रेटेना आणि नाही म्हणायलाही. डॉक्टर म्हणाले, "सगळं जग असंच मोजतं." तू म्हणालीस, "सर, जग मोजू दे. तुटलं असं आपण लिहायचं नाही." त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असणार. पण शेवटी नाव काढलं ना भाषणाचं? आणि "ऐकणाऱ्यांच्या कमानीत रेषा कमी असतात" याच्या जागी "रेषा कमी मोजल्या गेल्या, कारण सांगता येत नाही" असं केलं. एवढा एक शब्द फिरवायला तुम्हाला केवढी वर्षं शाळेत घालवावी लागतात! पण फिरवला हे खरं.

तुझ्या स्वतःच्या चित्राचं तू मशीनवाल्याला विचारलंस आणि तो म्हणाला, "ताई, तुम्ही सारख्या डावीकडे बघत होतात. मला वाटलं खांदा दुखतोय." तुला पत्ताच नव्हता. हे वाचून मला हसू आलं आणि मग नाही आलं.

तू लिहितेस, "म्हणजे माझं डोकं धड आहे असं नव्हे, आजी. मोजणीवरून काहीच कळत नाही एवढंच कळलं." बरोबर आहे. मी तरी कुठे तुला धड म्हणतेय? या घरात धड कोण आहे? पण काहीच कळत नाही यावरून लग्न मोडायचं नसतं. कळत नाही म्हणून तर माणसं लग्न करतात.

आता त्याचं. तू त्याला सगळं सांगितलंस ते चांगलं केलंस. तो इथेही आला होता मागच्या आठवड्यात, तुला बोलला नसेल. टेबलासमोर उभा राहिला, म्हणाला, "आजी, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "तुझं चुकलं असतं तर तुला दारातच सांगितलं असतं. तिचं तिला विचार." बाकी मी ताकास तूर लागू दिली नाही. तो गेला. जाताना आमच्या जिन्यातला वाजणारा कठडा कुठे वाजतो ते त्याने कान लावून शोधलं. मामा म्हणाला, "येडा आहे का हा?" मी म्हटलं, "धंदा आहे त्याचा. नुसतं ऐकून कुठे बिघडलंय ते ओळखतो. तू उभ्या जन्मात एकदा ओळखून दाखव."

तर मी मोजत बसले होते कुणी तुला काय विचारलं ते. मामाने विचारलं, कधीपासून. मामीने विचारलं, बाहेर कुणाला सांगितलं नाहीस ना. तुमच्या खात्यातल्या लोकांनी विचारलं असतं, आठवड्यातून किती वेळा, कोणत्या कानात. आणि त्याने, तू लिहितेस, विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मलासुद्धा हे विचारायचं धैर्य झालं नव्हतं, ठके. मागच्या पत्रात मी विचारत नाही असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ते मानाने नव्हतं. भ्याले होते.

तू नाही म्हटलेलं परत घेतलंस. मुलांचं पुढे बघू म्हणालात. बघा. मी काही पाळण्याची दोरी हातात घेऊन बसलेली नाही.

पण त्याला जे उत्तर दिलंस ते तू मलाही लिहिलंस, खाली कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. ती तुला विचारते, "आई कुठे गेली?"

तुला वाटलं हे तुझंच मन बोलतंय. आई गेलेल्या पोरीचं मन दुसरं काय विचारणार? ऐकायला सरळ वाटतं. मीही तसंच धरलं असतं. पण तू लिहिलंस की आवाज बसलेला आहे, घोगरा, सर्दी झाल्यासारखा. तुझी आई घोगरी बोलायची ती फक्त तू पोटात असताना. तो आवाज तू बाहेरून कधी ऐकलेला नाहीस. मागच्या पत्रात मी घशाचं लिहिलं होतं, त्यावरून मनाने घेतलं असेल म्हणशील. असेल. पण तू मामाला आवाज घोगरा आहे म्हणून सांगितलंस ते माझ्या पत्राच्या आधी. मी मामाला विचारून घेतलं.

आता ते राहू दे म्हटलेलं लिहिते. तू या पत्रात परत विचारलंस, दुसऱ्या वेळी तिने हाक मारली नाही का.

मारली.

मशीनवाला पाणी देताना म्हणाला होता, "आजी, आता हललात तर मी दुसरं डोकं बोलावणार. नातीची दुपार वाया जाईल." काचेपलीकडे तू नखं खात उभी होतीस. तुला ते चित्र हवं होतं. मला वाटलं, एवढं तर करता येईल. आत गेले आणि दात आवळून पडले. हातोडे सुरू झाले तशी ती आली. "ए आई, इकडे बघ ना." मी नाही बघितलं. मानेच्या शिरा ताठ केल्या. ती म्हणत राहिली. आधी नेहमीसारखं, लाडाने. मग जरा जोरात. मग नुसतं "आई". मग "आई?" असं, प्रश्नासारखं, दाराबाहेरून आत कुणी आहे का विचारतात तसं. मी हलले नाही. पापणीसुद्धा नाही.

मग हातोडे थांबले, आणि तीही.

चित्र छान आलं. तू आत येऊन मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "किती स्वच्छ आलंय, आजी!"

त्यानंतर मला हाक आलेली नाही. मागच्या पत्रात चालूच असं लिहिलं, कारण बंद झालं हे लिहवेना. घरी आले, टेबलाशी उभी राहिले, डावी बाजू मोकळी ठेवली. मामीने तिथे बादली ठेवली होती, ती उचलायला लावली. ती म्हणाली, "सासूबाई, बादलीने काय केलंय?" काय सांगणार? आता मी हाक नसताना वळते. भिंत असते आणि खुंटीवर हँगर. पूर्वीही तेच असायचं, पण ते वेगळं होतं. शिंपीण म्हणते, तुमची मान सुधारली हो, तेलाचा गुण आला.

आणि तुला ऐकू यायला लागलं ते, तू लिहितेस, मी तुझ्याकडून परत निघाले त्याच आठवड्यात.

मी याचा अर्थ लावत नाही. तूच शिकवलंस, दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. कबूल. तुझं शास्त्र तुझ्यापाशी, मी त्याला बोट लावत नाही. डॉक्टरांना हे सांगू नकोस, ते याचंही भाषण करतील.

पण ते मोजायचं काम संपलं, तेव्हा एवढं कर. तू लिहिलंस की ती विचारते तेव्हा तू मान ताठ धरतेस, हातात असेल ते काम करत राहतेस, जणू ऐकलंच नाही. माझ्यावर गेली आहेस. तसं करू नकोस. ती विचारेल तेव्हा वळ. तिथे कुणी नसतं, घाबरण्यासारखं काही नाही. तो जवळ असला तर असू दे, त्याच्यासमोर मानेचं सोंग करायची गरज नाही.

आणि तिला सांग, आई घरीच आहे.

तुझी आजी,
तिची आई